यादीतलं सगळं विकत घ्यायचं नसतं

अगं, तू पाठवलेला यादीचा फोटो मोठा करून नीट वाचला. एफवाय बीएस्सीच्या पहिल्याच सेमिस्टरला एवढी पुस्तकं, आणि खाली तुझं एक वाक्य, "ताई, पप्पांना कसं सांगू?" यादीपेक्षा मला त्या वाक्याचीच काळजी वाटली, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू नुसतं "हो, हो" करतेस.

पप्पांना सांगायला जड जातं ते मला कळतं. आपल्या पुणतांब्यात कॉलेजचा खर्च नेमका नको त्या महिन्यात दारात येतो. जून-जुलै म्हणजे सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, मजुरी. उसाचे पैसे कारखाने पेटल्यानंतर, म्हणजे दिवाळीच्या पुढे. कांदा चाळीत असला तर भावाची वाट बघणं चालूच. घरात पैसा नसतो असं नाही, त्या दोन महिन्यांत नसतो. आणि तेव्हाच ॲडमिशन, पास, पुस्तकं सगळं एकदम. म्हणून पहिलं सांगते: सगळी पुस्तकं जुलैत लागत नाहीत. पहिले पंधरा-वीस दिवस पुस्तकाशिवाय निभतं, वर्गात बसून नीट लिहून घेतलंस की. तेवढ्यात खरं काय लागणार ते कळतं.

सरकारने काही केलं नाही असं नाही. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पण पुस्तकांच्या खर्चाला सरसकट असा कुणीच हात लावलेला नाही. ते ज्याचं त्याने बघायचं. त्यामुळे आपणच बघू.

आता यादीकडे ये. तिच्यावर दुकानाचा शिक्का आहे, कॉलेजचा नाही. दुकानदार त्याचा धंदा करतो, सेट बांधून दिला की त्याचंही काम सोपं. तुझ्या कामाचा कागद वेगळा, तो म्हणजे सिलॅबस. पुणे विद्यापीठाच्या वेबसाइटवर विषयवार पीडीएफ असतात. प्रत्येक पेपरच्या शेवटी रेफरन्स बुक्सची नावं दिलेली असतात. ती वाचून पोरींना वाटतं, अरे देवा, एवढी सगळी? सगळी घ्यायची नसतातच. एक मुख्य, बाकीची लायब्ररीत चाळायला. मुख्य कुठलं ते शिकवणाऱ्यांना विचार, "मॅडम, तुम्ही शिकवताना कुठलं पुस्तक वापरता?" एवढाच प्रश्न. यादी तिथेच निम्मी होते.

दुसरं, यादीतली ती बारकी बारकी पुस्तकं बघ. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण असे कप्पे पडले, आणि बरेचसे दोन-दोन क्रेडिटचे. विषयांची संख्या वाढली तशी ऐंशी-शंभर पानी पुस्तकंही वाढली. एकेक स्वस्त दिसतं, बेरीज केलीस की डोळे उघडतात. यांतलं एकही मी विकत घेऊ देणार नाही. पर्यावरणासाठी यूजीसीने पुण्याच्या डॉ. एरच भरुचांकडून पदवीच्या मुलांसाठी मुद्दाम पाठ्यपुस्तक लिहून घेतलं होतं, ते नेटवर फुकट आहे. भारताचं संविधान मराठीत सरकारच देतं. भारतीय ज्ञानप्रणालीला वर्गातल्या नोट्स आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी पुरतात. विश्वकोश सगळा ऑनलाइन आहे, आणि त्यातलं मराठी कित्येक नोट्सपेक्षा सरळ आहे.

लायब्ररीचं लिहितेस की "तिथे मागायला कसंतरी वाटतं." या 'कसंतरी'शीच माझं भांडण आहे. ॲडमिशनच्या पावतीवर बघ, लायब्ररी फी आणि डिपॉझिट असे रकाने सापडतील. पैसे भरलेत तुम्ही. मागतेस ती भीक नाही, पप्पांनी भरलेल्या पैशाची वस्तू आहे. (आणि कॉलेज सोडताना ते डिपॉझिट परत मागून घे. किती पोरी तशाच विसरून जातात.) बीटी कार्ड, म्हणजे पुस्तक घरी न्यायचं कार्ड, पहिल्या आठवड्यात काढ. ज्या दिवशी सर पुस्तकाचं नाव सांगतील त्याच दिवशी मधल्या सुट्टीत काउंटरवर उभी राहा. उद्या गेलीस तर तेच पुस्तक तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या पिशवीत असेल.

एक बारीक गोष्ट सांगते, ही कुणी सांगत नाही. पुस्तक हातात आलं की मागच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघ. शिक्के दाटीवाटीने असतील तर त्याला मागणी आहे, तुला ते आठवड्याने परत द्यावंच लागेल, तेव्हा त्यातलं काम लगेच उरक. आणि शेवटचा शिक्का पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर समज, ते पुस्तक तुझंच. दर वेळी तारीख वाढवून घेत अख्खं सेमिस्टर वापर, कुणी विचारायला येणार नाही. कॅल्क्युलस पाच-सहा वर्षांत बदललेलं नसतं, आणि प्रकाशाचं परावर्तनही तेच आहे. जुन्या कपाटात कधी कधी ईएलबीएसचा शिक्का असलेली पुस्तकं मिळतात. इंग्लंडच्या सरकारने पैसे घालून आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या त्या स्वस्त आवृत्त्या. ती योजना नव्वदच्या दशकात बंद पडली, पुस्तकं अजून टिकून आहेत. कव्हर फाटकं असतं, आतलं इंग्रजी मात्र स्वच्छ.

बुक बँकेबद्दलही विचार. बऱ्याच कॉलेजांत गरजू मुलांना वर्षभरासाठी संच देतात, परीक्षा झाली की परत करायचा. मागासवर्गीय मुलांसाठी समाजकल्याण खात्याची पुस्तकपेढी आहे, मेडिकल, इंजिनिअरिंग, ॲग्रीसारख्या अभ्यासक्रमांना, दोघांत एक संच. तुझ्या बीएस्सीला ती लागू नाही, पण तुझी मैत्रीण डिप्लोमाला गेली आहे ना, तिला सांग. शासकीय वसतिगृहात राहणाऱ्यांना पुस्तकं मिळतात तेही सांग. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भर, पण त्या पैशांवर पुस्तकांचा हिशोब मांडू नकोस. ते कधी जमा होतील याचा नेम नसतो आणि परीक्षा थांबत नाही.

आणि लाजेचंच म्हणशील तर, तू ज्या कॉलेजात चालली आहेस ते रयत शिक्षण संस्थेचं. कोपरगावचं गंगागीर महाराज कॉलेज काय, श्रीरामपूरचं बोरावके कॉलेज काय, दोन्ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेची. भाऊरावांनी १९१९ मध्ये संस्था काढली ती 'कमवा आणि शिका' हे डोक्यात ठेवून. बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या संस्थेत जुनं पुस्तक मागायला लाजायचं म्हणजे कमालच. 'कमवा आणि शिका' आजही पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत चालू आहे. तासाप्रमाणे पैसे मिळतात. तुझं नाव लागलं तर लायब्ररीचं काम माग. पुस्तकं लावता लावता कुठल्या फळीवर काय पडलंय ते पाठ होतं, आणि परीक्षेच्या आधी हे ज्ञान फार उपयोगी पडतं.

आता गाइड. तू लिहिलंस की सगळ्या पोरी गाइडच घेतात, स्वस्त पडतं. हिशोब करू. गाइड समजा दीडशेचं. विषय सहा, सेमिस्टर सहा. तीन वर्षांनी त्या गठ्ठ्याला रद्दीवाला किलोने भाव देतो. त्याउलट चांगलं मूळ पुस्तक जुन्या बाजारात निम्म्या किमतीत मिळतं आणि नीट वापरलं तर थोड्याच कमी पैशांत पुढे विकलं जातं. तुझा खरा खर्च म्हणजे मधला फरक, बाकी पैसे परत येतात.

पण पोरी गाइड घेतात त्याचं खरं कारण किंमत नाही, इंग्रजी आहे. आपण मराठी माध्यमातून आलेल्या. बारावी सायन्सला इंग्रजीतून शिकलीस तरी कॉलेजचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर दम लागतो, आणि गाइडमधलं मोडकंतोडकं सोपं इंग्रजी जवळचं वाटतं. त्यावर औषध आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन फुकट आहेत, भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, गणिताचे. इंग्रजी शब्द टाकला की मराठी प्रतिशब्द येतो. दहावीपर्यंत जे मराठीत समजलेलं आहे ते तिथे भेटतं, आणि मग वाक्य उलगडतं. पहिला महिना कटकट होईल. नंतर गाइड उघडावंसं वाटणार नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट आहेत. एफवायचा पाया तिथेच आहे, ती टाकून देऊ नकोस.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या गोष्टी खूप आहेत, सगळ्या सांगत बसले तर तू काहीच उघडणार नाहीस. म्हणून मोजक्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून पदवीची अख्खी पाठ्यपुस्तकं फुकट देतं, फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस, सगळं. परवानगीने दिलेली आहेत, चोरीचा मामला नाही. इग्नूचं ई-ज्ञानकोश हिंदी आणि इंग्रजीत, धडे छोटे. आर्ट्सच्या पोरींना सांगायचं तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं बघा म्हणावं. एकट्याने वाचून समजावं म्हणूनच लिहिलेली असतात. आणि कॉलेजच्या लायब्रेरियनला विचार, "सर, एन-लिस्टचा आयडी मिळेल का?" कॉलेज त्याची वर्गणी भरत असेल तर लाखाहून जास्त ई-बुक्स तुझ्या फोनवर उघडतात. कितीतरी कॉलेजांत वर्गणी भरलेली असते आणि आयडी मागायला पोरं जात नाहीत.

टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल तू विचारलं नाहीस, पण वापरणार हे मला माहीत आहे. वाकडं स्कॅन केलेलं, मधली पानं गायब, आणि रात्री मोबाइलवर वाचून डोळ्यांची वाट. तेही सोडून देते. एवढंच लक्षात ठेव की मराठीत पदवीचं पुस्तक लिहिणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक असतो, त्याच्या आवृत्त्या छोट्या असतात. त्याचं पुस्तक विकत घे. तिथे काटकसर नको.

झेरॉक्सचं मात्र घाबरू नकोस. जाड पुस्तकातली तुझ्या सिलॅबसची दोन प्रकरणं काढून घेणं हा गुन्हा नाही. हे माझ्या मनचं नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्राध्यापकांनी सांगितलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून ते मुलांना गठ्ठा बांधून द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. गंमत म्हणजे विद्यार्थी संघटना करून खटल्यात उतरले. ज्यांची पुस्तकं त्या गठ्ठ्यांत होती त्या लेखकांपैकी बरेच मुलांच्या बाजूने बोलले, अमर्त्य सेनांनीसुद्धा प्रकाशकांना दावा मागे घ्या म्हणून सांगितलं. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. त्याच डिसेंबरात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती सूट मान्य केली, फक्त काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणून अख्खं पुस्तक छापून विकायचा धंदा करू नये, पण शिकायला लागणाऱ्या पानांसाठी मान खाली घालायची गरज नाही.

विकत घ्यायचंच झालं तर परदेशी लेखकाच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती बघ. कव्हरवर अमुक देशांतच विक्रीसाठी असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. तेच पुस्तक अमेरिकेत कित्येक पट महाग. या फरकावरच सुपाप कर्तसाएंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत शिकता शिकता डोकं चालवलं. घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवायच्या आणि अमेरिकेत विकायच्या. विली प्रकाशनाने त्याला कोर्टात खेचलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला त्याच्या बाजूने. म्हणजे महाग पुस्तकांनी तिकडची पोरंही टेकीला आलेली आहेत.

जुन्या पुस्तकांना पुण्याचा अप्पा बळवंत चौक आहेच. कुणी पुण्याला जाणारं असेल तर यादी देऊन ठेव. घेताना आधी कव्हरवरचा पॅटर्न वाच. आपल्या विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवा पॅटर्न २०२४-२५ पासून लागला, त्याच्या आधीचा २०१९ चा. २०१९ पॅटर्नचं पुस्तक कुणी अर्ध्या किमतीत देत असेल तर हसून पुढे जा, फुकट देत असेल तर घे. मूळ पुस्तकाला पॅटर्न नसतो, तिथे जुनी आवृत्ती चालते. अनुक्रमणिका आणि सिलॅबस शेजारी ठेव, पेन्सिलीने खुणा कर, दहातले आठ मुद्दे जुळले की बास.

आता खरी गोष्ट. कोपरगावला जाणाऱ्या तुम्ही पोरी रोज एकाच डब्यात असता. आपसात पुस्तकं वाटून घ्यायची कल्पना तुम्हाला सुचेलच. सुरुवातीला छान चालतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात भांडणं होतात, कारण सगळ्यांना एकच पुस्तक एकाच रात्री हवं असतं. वर्गातल्या वर्गात वाटणी टिकत नाही. टिकते ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे. एसवायची मुलगी एफवायचं पुस्तक तुला देईल, तू पुढच्या वर्षी खालच्या मुलीला. ज्या दिवशी हिला लागतं त्या दिवशी तिला लागत नाही, म्हणून भांडण नाही. मधे पॅटर्न बदलला तेव्हा ही साखळी सगळीकडेच तुटली, नव्या वर्गाला वरच्यांचं काहीच उपयोगी पडेना. आता नव्या पॅटर्नच्या मुली तुझ्या वर पोचल्यात. साखळी पुन्हा जोडायला हीच वेळ बरी.

आणि हे गावात करता येतं. आपलं गाव शेतकऱ्यांच्या संपाचं गाव म्हणून देशाला माहीत आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेत ठराव झाला आणि १ जूनला संप सुरू झाला, पुढे तो राज्यभर पसरला, सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या गावाला एक कपाट मिळू नये? वाचनालयात मागा, ग्रामपंचायतीत मागा, नाहीतर शाळेत एखादं कुलूप लागणारं कपाट असतंच. कपाटाला एक वही. वहीत चार रकाने: पुस्तक, पॅटर्न, नेणारीचं नाव, परत यायची तारीख. पुस्तक सेमिस्टर संपल्यावर आठ दिवसांत परत, नाहीतर पुढचं नाही, सरपंचांची मुलगी असली तरी नाही. किल्ली एकीकडे नको, दोघींकडे, आणि त्या वेगवेगळ्या वर्षांतल्या असाव्यात, म्हणजे एकीचं लग्न ठरलं किंवा ॲडमिशन बदललं तरी कपाट उघडेल. मुलांनाही घ्या, त्यांच्याकडे न उघडलेली पुस्तकं जास्त असतात.

ग्रामसभेत बोलायला उभी राहायची वेळ आली तर खर्च किती वगैरे भाषण नको. पुस्तकं किती जणांच्या घरात पोत्यात पडून आहेत ते विचार आणि गप्प राहा. बायका आपोआप बोलायला लागतील, कारण झाडताना ते पोतं त्याच उचलतात.

तर, पप्पांना सांगायचं ते असं: आत्ता एक पुस्तक विकत, बाकीचं लायब्ररीतून आणि वरच्या वर्गातल्या मुलींकडून, एखादं दिवाळीनंतर बघू. आकडा सांग, "बघा ना काहीतरी" म्हणू नकोस. आकडा कळला की माणूस सोय करतो. सिलॅबसची पीडीएफ आज रात्रीच डाउनलोड कर, मुख्य पुस्तकांवर खूण कर आणि मला पाठव. श्रीरामपूरला आणि संगमनेरला माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी नव्या पॅटर्नच्या आहेत, त्यांना विचारते. आणि तो दुकानातला सेट अजून बांधून घेतला नसशील तर दुकानदाराला उद्याच सांगून टाक की नको म्हणून.